जावयाचं पान

माझ्या लेकीचं लग्न ठरलं आणि मामाने आम्हाला केळवणाला बोलावलं. आईच्या माहेरून आलेलं हे पहिलंच बोलावणं. आजोबा दिल्लीत बडे सरकारी अधिकारी आणि बाबा त्यांच्या गाडीचे ड्रायव्हर. आईने त्या ड्रायव्हरशी लग्न केलं, तेव्हा घराने तिच्या नावाने आंघोळ केली. माझ्या लग्नातही तिथलं कुणी फिरकलं नव्हतं.

मी म्हटलं, कशाला जायचं? पण आई हट्टाला पेटली. त्या घरात बाबांचं पान जावयाच्या मानाने मांडलेलं तिला एकदा बघायचं होतं. आणखी काही नको होतं. मला तिच्या या आशेची चीडच येत असे.

नोएडाहून गाडी बाबांनीच चालवली. मामाच्या दारात आम्हाला उतरवून म्हणाले, "चलो, तुम्ही व्हा पुढे. मी पार्किंग बघतो."

लेकीच्या सासरचेही आले होते. पानांभोवती रांगोळी काढली होती, उदबत्ती लावली होती. बाबांचं पान मात्र नव्हतं.

आईने विचारलं, "ह्यांचं पान?"

"त्यांचा डबा खाली गाडीत पाठवलाय, ताई," मामी म्हणाली. "तुमच्या नातीनेच फोन करून सांगितलं तसं."

लेकीने आम्हा दोघींना आतल्या खोलीत ओढलं.

"आजी, प्लीज, सीन नको. सासरी मी सांगितलंय, आजोबा सरकारी नोकरीत होते. इथे त्यांना बघून मामाआजोबा ड्रायव्हरकीचं काहीतरी बोलून बसले असते. आजोबांना विचारलंय मी, ते लगेच हो म्हणाले."

माझा हात उठणारच होता. आईने तो धरला. बाहेर येऊन ती पानावर बसली आणि मामी वाढेल ते जेवली. मामाच्या पिढीने जे केलं ते निदान उघड केलं होतं. माझ्या पोटच्या पोरीने ते गोड बोलून केलं. तिच्याइतका राग मला आईच्या वडिलांचाही कधी आला नव्हता.

लेक सासरच्यांबरोबर खरेदीला गेली. आम्ही तिघं गाडीत बसलो.

"पोरीला काही बोलू नका," बाबा म्हणाले. "तिचं बिल्कुल बरोबर आहे. ड्रायव्हरची नात म्हणून कशाला जायचं सासरी?"

आई जन्मात कधी बाबांवर ओरडली नव्हती. त्या दिवशी भर सिग्नलवर ओरडली, "मग मी घर सोडलं ते कशाला?"

सिग्नल हिरवा झाला, तरी बाबांनी गाडी हलवली नाही. मागचे हॉर्न वाजवत राहिले.