स्टेशनजवळचं लाकडी चर्च

बायको गेली त्या वर्षी मला घरात बसवेना. उमेळे गावाहून सकाळीच हत्यारांची पिशवी घेऊन निघायचो आणि मिळेल ते सुतारकाम करायचो. साहेब लोक विलायतेला परतून दोन-तीन वर्षं झाली होती. स्टेशनजवळ त्यांनी बांधलेलं त्यांच्या अँग्लिकन पंथाचं चर्च मात्र मागे राहिलं होतं. भिंतींपासून छतापर्यंत सगळं सागवानी. आम्ही कॅथलिक तिकडे फिरकत नसू.

तिथे जाणाऱ्या एकच बाई उरल्या होत्या. रेल्वेच्या दवाखान्यातल्या निवृत्त इंग्रज नर्स. त्यांनी मला बोलावलं. हातोडीच्या दांड्याने मी एकेक खांब ठोकून पाहिला. दाराकडचे दोन पोकळ वाजले.

"वाळवी आहे, बाई. पावसात छप्पर खाली येईल."

"मुंबईचे पाद्री म्हणतात, पाडून टाका," रुग्णांकडून शिकलेल्या मराठीत त्या म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याची शवपेटी इथूनच नेली, मेस्त्री. मी पाडू देणार नाही."

छपराला टेकू देऊन मी कुजलेला भाग कापला, खाली दगड बसवला, वर नवं सागवान सांधलं. कोळी होड्यांना लावतात ते मुशी माशाचं तेल फळ्यांना खालून चोपडलं. सारा पावसाळा चर्चला मासळीचा वास येत होता.

"येशूचे पहिले सोबती कोळीच होते," बाई हसून म्हणाल्या.

एका रविवारी विसरलेला रंधा आणायला गेलो. बाई मोठ्याने प्रार्थना वाचत होत्या. लोकांनी उत्तर द्यायच्या जागी थांबत, तेवढा वेळ गप्प राहत आणि पुढे वाचत. बाकं सगळी रिकामी. मला ते ऐकवेना. पुढच्या वेळी त्या थांबल्या तेव्हा मी दारातूनच "आमेन" म्हणालो. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण पुढची प्रार्थना आणखी मोठ्याने वाचली.

मग आमच्या चर्चमधली प्रार्थना, मिस्सा, झाली की मी दर रविवारी तिकडे जाऊ लागलो. आमच्या फादरांनी हटकलं.

"तो पंथ आपला नाही."

"फादर, बाई एकट्या आहेत."

"आणि तू?" त्यांनी विचारलं. मी तिकडेच निघालो. पुन्हा त्यांनी विषय काढला नाही.

दोन वर्षांनी बाईंना मुंबईच्या इस्पितळात नेलं. त्या परतल्या नाहीत. पाद्री येऊन खांब पाहून गेले, म्हणाले, "मजबूत आहे. राहू दे." किल्ली माझ्याकडेच ठेवली. त्यानंतर कितीतरी वर्षं मी खिडक्या उघडून वारा देत राहिलो, वाळवी शोधत राहिलो. प्रार्थनेला कोणी आलं नाही. रविवारी मिस्सा सुटली, की लोक आपापल्या घरी जात. बाईंच्या प्रार्थनेला जायची ती वेळ; मी थोडा वेळ रस्त्यावरच उभा राहायचो.