चावी बंद हाय

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. आयसीयूत नर्स म्हणून अकरा वर्षं काढली, कितीतरी माणसं डोळ्यांदेखत गेली, परत येऊन कुणी कधी हाक मारली नाही. आणि जिनं मारली… ती बाई तर जिवंत होती!

मी माहीमची, नोकरी पालघरच्या एका हॉस्पिटलात. त्या दिवशी सकाळची सिस्टर आलीच नाही, त्यामुळे माझी सलग दुसरी ड्युटी. चार नंबर बेडवर नवापूरच्या मावशी, सुकी मासळी विकणाऱ्या. झडपेचं ऑपरेशन झालेलं, पण हृदयाची उजवी बाजू फुप्फुसांकडे रक्त ढकलताना दमत होती. म्हणून व्हेंटिलेटरमधून श्वासाबरोबर नायट्रिक ऑक्साइड चालू — या गॅसनं फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या सैल होतात. अचानक थांबला तर जिवाशी खेळ.

दुपारी बाराच्या सुमाराला मी त्या गॅसचा सिलिंडर बदलला. सिलिंडरवरची चावी उघडून दाबाचा काटा बघितला — फुल. चावी बंद केली, जोडणी तपासली, चार्टवर टिक केली आणि स्टुलावर टेकले. चावी परत उघडायची राहिली! नळीत अडकलेल्या गॅसमुळे काटा तसाच भरलेला दिसत होता. पाय नुसते ठणकत होते… डोळा कधी लागला कळलंच नाही.

"बाये, ऊठ! चावी बंद हाय!"

अगदी कानाशी. दचकून उठले तर जवळ कुणीच नाही. मावशी गुंगीत, तोंडात नळी. आवाज फुटणं शक्यच नव्हतं. सिलिंडरकडे धावले, काटा शून्याला टेकत आलेला. चावी उघडली. अलार्म अजून वाजलाही नव्हता. मी कुणाला काही बोलले नाही.

चार दिवसांनी नळी निघाली. मावशींनी मला जवळ बोलावलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "स्टुलाव डुलत व्हतीस गो तू. तीनदा हाक मारली तुला."

मला रडूच कोसळलं. त्याच दुपारी डॉक्टरांना माझी चूक आणि ती हाक, दोन्ही सांगितलं, बोलणी खाल्ली. ते म्हणाले, "गुंगीतही पेशंटला ऐकू येतं, सिस्टर."

येत असेल… पण सिलिंडर त्यांच्या डोक्यामागे होता. चावी दिसली कशी? आणि तोंडात नळी असताना त्या बोलल्या कशा? मला एवढंच माहीत आहे की मी हाक ऐकली ती एकदाच. आधीच्या दोन्ही वेळा मी झोपले होते.