फाटकाजवळचं स्टूल

नदीकाठच्या त्या गावात पाठीवर बोजे घेऊन येणारी पोरं दोन दिवसांसाठी म्हणून येत आणि आठवडाभर लोळत पडत. करण्यासारखं काही नव्हतं, हेच तिथलं सुख. झोपावं, उठावं, नदीकडे बघावं, पुन्हा झोपावं. काकूंनी घरातल्या तीन खोल्या या पाहुण्यांसाठी काढल्या होत्या. पण खरा भाव होता तो व्हरांड्याला. नदीचं वळण तिथून अगदी पायाशी आल्यासारखं दिसे.

व्हरांड्यातली आरामखुर्ची मामंजींची, म्हणजे काकूंच्या सासऱ्यांची. पूल होण्याआधी त्यांनी उभा जन्म याच पाण्यावर होडी वल्हवली होती. पण पाहुणे येऊ लागले आणि मामंजींचं सकाळचं खाकरणं, पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असं बोलणं, एक बटण वर एक खाली असा सदरा, सगळंच काकूंच्या डोळ्यांत खुपू लागलं. "मागच्या खोलीत वारा छान येतो हं," असं गोड बोलून त्यांनी म्हाताऱ्याला मागे हलवलं. मागच्या खिडकीतून शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसायची.

एवढ्यावर भागलं असतं. पण एकदा चष्मेवाल्या पाहुणीने विचारलं, "काकू, फाटकाशी उभे आहेत ते आजोबा कोण हो?"

मामंजी नेमके नुसत्या बनियनवर होते. काकूंच्या तोंडून निघून गेलं, "ते होय? वॉचमन आमचे. जुने आहेत, काढवत नाही."

मामंजींचे गुडघे गेले होते, कान शाबूत होते.

दुसऱ्या दिवशी ते अंघोळ करून, बटणं नीट लावून, फाटकाजवळ स्टूल टाकून बसले. रिक्षा आली की उठायचे, फाटक उघडायचे, बोज्याला हात घालायचे. काकू चरकल्या. काकूंच्या यजमानांनी विचारलं, "बाबा, हे काय नवीन?" तर म्हणाले, "बसून बसून गंज चढतो रे. तेवढाच विरंगुळा." काकूंनीही मनाची समजूत घातली, बरंय, जीव रमतोय त्यांचा. पण फाटकाशी चहा नेऊन देताना त्यांची नजर कपाच्या वर जात नसे.

चष्मेवाली निघाली, त्या सकाळी काकूंचे यजमान रिक्षा आणायला गेले होते. "काकू, एक फोटो हवाच! तुम्ही आणि ताई, घरचे सगळे." काकू आणि त्यांची कॉलेजातली लेक व्हरांड्यात उभ्या राहिल्या. चष्मेवाली मध्ये घुसली आणि तिने मोबाइल बोजा न्यायला वर आलेल्या मामंजींच्या हातात दिला. "आजोबा, हे गोल दाबायचं."

"दाबतो की!" मामंजी दोन पायऱ्या उतरले, एक डोळा मिटला. मग म्हणाले, "बाईसाहेब, जरा डावीकडे सरका. नदी झाकली जातेय."

लेकीने मान वळवून आईकडे पाहिलं.

काकूंच्या कानशिलांना आग लागली. त्या पायऱ्या उतरल्या, मामंजींचा दंड धरला. "हे... हे सासरे आहेत माझे. वॉचमन नाहीत. मी खोटं बोलले."

"छे हो!" मामंजी हसले. "थट्टा करायची खोड आहे हिला. मी आपला फाटकाचाच माणूस."

त्यांनी पांघरूण घातलं आणि काकूंना भर उन्हात उघड्यावर आल्यासारखं झालं. चष्मेवालीने एकदा दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. तिला कळायचं ते कळलं. "आजोबा, मी तुम्हाला बोजा उचलायला लावला हो," एवढंच पुटपुटली. रिक्षा आली. फाटक मामंजींनीच उघडलं.

ती गेल्यावर काकूंनी आरामखुर्ची ओढत कठड्याशी आणली.

"मामंजी, बसा."

"दुपारी गिऱ्हाईक यायचंय ना?"

"येऊ दे."

ते बसले. पण परक्याच्या घरी बसावं तसे, पुढच्या काठावर.

"मागे टेका ना."

"टेकतो. तू जा, तुझं काम पडलंय."

स्वयंपाकघराच्या दारातून काकू पुन्हा पुन्हा डोकावल्या. म्हातारा ताठच. नदी समोर होती आणि कान फाटकाकडे. भाजी करपली तरी काकू दारातून हलल्या नाहीत.

दुपारी वळणावर रिक्षाचा आवाज आला, तसे मामंजी खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठू लागले. काकू पिठाच्या हातांनी, अनवाणीच, त्यांच्याआधी फाटक गाठायला धावल्या.