नापास पॉवर सप्लाय

उरणला मी घरीच कॉम्प्युटर दुरुस्त करतो. नवा पॉवर सप्लाय बसवण्याआधी मी तो तपासून घेतो. टेम्पोचे जुने हेडलाइट जोडून त्याच्यावर पुरता भार टाकतो, मागच्या जाळीतून येणारी हवा किती तापते ते बघतो आणि पंखा किती घरघरतो ते कान देऊन ऐकतो. तेवढा वेळ घरात टीव्ही बंद, मिक्सर बंद. आई म्हणते, "एवढी शांतता देवळात पन नसते."

गेल्या पावसाळ्यात असेच दोन तपासायला घेतले. पहिला थंड, आवाज जवळजवळ नाहीच. दुसऱ्याची हवा भलतीच गरम आणि पंखा बोटीच्या इंजिनासारखा. विकणाऱ्याला फोनवर चांगलं झापलं, सप्लाय तसाच चालू ठेवला आणि चहाला उठलो. परत येऊन बघतो तर जाळीपुढे सुपात सोडे पसरलेले! डब्यातली सुकी कोलंबी दमट हवेने सादळली होती, ती आई तिथे वाळवत बसली होती.

"आई, हा नापास झालाय! परत पाठवायचाय!"

तिने एक सोडा मोडला. कटकन मोडला.

"नापास तो पयला. तू आंघोळीला गेलास तवा त्याच्यापुढं ठेवलेले, तसेच वले र्‍हायले. ह्यो कुठं जायचा न्हाय."

तो गेला नाहीच, स्वयंपाकघरात राहिला. आता नवा सप्लाय तपासून झाला की आई दारातून विचारते, "पास झाला, का चांगला हाय?"