देवघरातलं पिस्तूल

बुधवार पेठेत माझं हत्यारांचं दुकान होतं. तलवारी, कट्यारी, ढाली हा वडिलांपासून चालत आलेला माल. पिस्तुलं माझ्या वेळी वाढली. कुठल्या तरी मोडलेल्या पलटणीतून, कुठल्या तरी सरदाराच्या उठलेल्या पागेतून ती यायची. मी ती उघडायचो, पुसायचो, चाप आणि घोडा नीट करायचो आणि विकायचो. या कामाचा मला कधी शीण आला नाही. शीण आला तो बोलण्याचा.

शिपाईगडी यायचा तेव्हा बोलावं लागायचं नाही. तो हत्यार उचलायचा, नळीत डोळा घालायचा, घोडा ओढून सोडायचा आणि हो किंवा नाही म्हणून चालता व्हायचा. पण शहर एकदा लुटलं गेलं, त्यानंतर पगार थकलेले शिपाई पेठांतून मोकाट हिंडू लागले, आणि माझ्या ओट्यावर निराळीच माणसं चढू लागली. जन्मात पळी-पंचपात्राखेरीज काही हाती न धरलेले भटजी, बोरूखेरीज काही न उचललेले कारकून, कापडाचे व्यापारी. सगळ्यांना घरात एक पिस्तूल हवं होतं आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असायचा. "यातलं चांगलं कुठलं?"

अहो, जोडा घ्यायला जाता तेव्हा पाय घरी ठेवून जाता का? पिस्तूल चालवणारा हात घरी, आणि चांगलं कुठलं ते मी सांगायचं. तरीही मी सांगायचो. सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस यायचा. नळी फार लांब घेऊ नका, काढताना उपरण्यात अडकते. चांदीच्या फुलांवर जाऊ नका, चोर नक्षी बघायला थांबत नाही. गारगोटी झिजली की बदला. घोडा पडला की गारगोटीची ठिणगी वरच्या वाटीतल्या रंजकेवर, म्हणजे चिमूटभर बारीक दारूवर, पडते, तिथून बारीक छिद्रातून आग नळीतल्या दारूपर्यंत जाते, तेव्हा कुठे गोळी सुटते. म्हणून ती वाटी कोरडी ठेवा आणि ते छिद्र मोकळं ठेवा. हे एकदाच उडतं. दुसऱ्यांदा भरेपर्यंत चोर पाणी पिऊन जाईल. तेव्हा मूठ जड बघून घ्या, म्हणजे निदान डोक्यात घालता येईल. लांबून मारू नका, हाताच्या अंतरावर येऊ द्या. गोधड्यांच्या पेटीत तळाशी ठेवू नका. चुलीजवळ तर नकोच नको.

लोक माना डोलवायचे आणि चांदीच्या फुलांचं उचलायचे.

अशातच एक दिवस, पाऊस सरत आला होता तेव्हा, एक म्हातारे शास्त्रीबोवा ओट्यावर आले. डोळ्यांत फूल पडलेलं, हात थरथरणारे. मुलगा लष्करात कारकून, मागच्या शिलंगणानंतर श्रीमंतांच्या फौजेबरोबर गेलेला. पावसाळाभर फौज तिकडेच छावणी करून राहिली होती आणि मुलाचं एकही पत्र नव्हतं. घरात शास्त्रीबोवा, त्यांची बायको आणि तरणी सून. मी विचारलं कुठली फौज. त्यांनी सांगितलं. माझा धाकटा भाऊ त्याच फौजेत होता, घोड्यांच्या नालबंदीवर.

"चालवणार कोण?" मी विचारलं.

"मी."

मी त्यांच्या हातात पिस्तूल दिलं. नळीचं टोक आधी माझ्या छातीवर आलं, मग माझ्या मागच्या भिंतीवर, मग त्यांच्याच पायावर. मी ते काढून घेतलं.

"शास्त्रीबोवा, आपण चालवलंत तर चोर वाचेल आणि शेजारी मरेल. घरात दुसरं कोण आहे?"

त्यांनी उपरणं सावरलं. मग खाली बघून म्हणाले, "सूनबाई आहे. पण म्हणजे काय, तिला इथे हत्यारांच्या दुकानात आणायची?"

"जिनं धरायचं तिच्या हाताला पेलायला हवं. नसेल आणायचं तर घरी जा, काठी घ्या."

चिडून निघून गेले. मला वाटलं सुटलो. पण जोगेश्वरीच्या दर्शनाचं निमित्त करून ते सुनेला घेऊन आले आणि मुद्दाम रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले, म्हणजे आपण बरोबर आहोत आणि नाहीही. ती पदर सावरून आत आली. शास्त्रीबोवांनी न बघताच सांगितलं, "ते चांदीच्या फुलांचं दाखवा." तिनं ते घेतलं, ठेवलं. मग एक ओबडधोबड, जड मुठीचं उचललं, दोन्ही हातांनी सरळ धरलं आणि विचारलं, "हे ओढायला सोपं आहे. हेच बरं ना?"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी, मी न सांगताच, माझ्या मनासारखं उचललं होतं. मी तिला भरायला शिकवलं, रंजक घालायला शिकवलं. हाताच्या अंतरावर येऊ द्यायचं, हेही सांगितलं. जाताना पुन्हा बजावलं, "कोरडं ठेवा." तिनं मान हलवली.

दसरा झाला. दसऱ्यानंतर एक दिवस दोघं परत आली. शास्त्रीबोवांनी सोवळ्याच्या फडक्यात गुंडाळलेलं पिस्तूल माझ्यापुढे ठेवलं. मी फडकं उलगडलं. रंजकेच्या वाटीत मध, दही, साखर यांचा वाळून दगड झालेला. त्यावर कुंकू. छिद्रात अक्षता अडकलेल्या. घोड्याला झेंडूची पाकळी चिकटलेली आणि मुंग्यांची एक रांग मुठीवरून नळीकडे चाललेली.

माझं डोकंच फिरलं. "हे काय केलंत?"

"खंडेनवमी होती," शास्त्रीबोवा म्हणाले. "शस्त्रपूजन नको? पंचामृताचा अभिषेक केला. शस्त्र म्हणजे देवी. तेव्हापासून देवघरातच होतं."

"देवीला घाला हो पंचामृत, पण भरलेल्या पिस्तुलाला? मी कोरडं ठेवा म्हणून घसा फोडला ना? उद्या कोणी घरात शिरला असता आणि हे उडलं नसतं तर?"

"शिरला होता," सून म्हणाली.

पदर पुढे ओढून, माझ्याकडे न बघता तिनं सांगितलं. दुपारची वेळ. शास्त्रीबोवा पुराणाला गेलेले, सासूबाईंचा डोळा लागलेला. परसातल्या आडावर पोहरा वाजला. तिनं फटीतून पाहिलं. मागल्या दारानं शिरलेला दाढीवाला, मळकट, डोक्याला फडकं गुंडाळलेला माणूस पाठमोरा वाकून पाणी शेंदत होता. ती देवघरात गेली. पिस्तूल घेतलं. अनवाणी परसात उतरली. मी सांगितलं होतं तसं हाताच्या अंतरावर गेली, दोन्ही हातांनी धरलं आणि चाप ओढला. घोडा पडला, ठिणगी उडाली, मधात विझली.

खट्ट असा आवाज आणि बांगड्यांची किणकिण ऐकून तो माणूस मागे न बघताच म्हणाला, "अगं, अजून शिवू नकोस मला."

तो तिचा नवरा होता. फौज मोडली, वाटेत तापाची साथ आली, सोबतची माणसं मेली, त्यांना यानं अग्नी दिला होता. अशा अंगानं पुढल्या दारानं यायचं नाही, कुणाला हाक मारायची नाही, आधी आडावर आंघोळ करायची आणि मगच घरच्यांना तोंड दाखवायचं, अशी त्याला लहानपणापासूनची शिकवण होती. ती त्यानं पाळली. वडिलांनी पंचामृत घातलं होतं, म्हणून तो जिवंत राहिला.

रस्त्यावर हौदाकडे चाललेल्या बायकांच्या कळशा वाजत होत्या. मी उगाच पिस्तूल उलटसुलट करत बसलो. मग सवयीनं म्हणालो, "बरं. साफ करून देतो."

"नको," ती म्हणाली. "तुम्हाला फक्त दाखवायचं होतं. असंच द्या. देवातच राहू दे."

मी ते होतं तसं मुंग्यांसकट फडक्यात गुंडाळलं. मळलेलं हत्यार न पुसता मी गिऱ्हाइकाच्या हाती परत दिलं, असं तेवढं एकदाच झालं. दुकानाच्या पायरीपर्यंत जाऊन मी विचारलं, "तुमच्या यजमानांना एकदा विचाराल? नालबंदीवरच्या लोकांचं काय झालं?"

तिनं विचारून निरोप पाठवला. नालबंदीवाले मागे राहिले होते, एवढंच त्याला ठाऊक होतं.

त्यानंतर कुणी चांगलं कुठलं म्हणून विचारलं की मी नळी, मूठ, गारगोटी काही सांगायचो नाही. आधी विचारायचो, "तुमच्या घरचं कोणी बाहेर गेलंय का?" गेलं असेल तर म्हणायचो, तो आल्यावर या. ऐकतच नसेल त्याला एवढंच सांगायचो की आधी हाक मारा, मग चाप ओढा. लोकांना वाटायचं म्हातारा विकायचाच कंटाळा करतो. कंटाळा होताच, खोटं कशाला बोलू. बायको म्हणायची, असं दुकान चालतं का? चाललं नाहीच फारसं.

दुकानात इतकी पिस्तुलं असून माझ्या घरात एकही भरून ठेवलं नाही. परसाच्या दाराला बायको कडी लावायची आणि मी काढायचो. पुढे तिनं लावायचं सोडून दिलं. भावाची काही खबर आली नाही. बरोबरचे दोघंतिघं आले, त्यांनी पाहिला नव्हता. तो मेला असं कुणी सांगितलं नाही, म्हणून आम्ही त्याचं काही केलं नाही.

आता मला दिसतं कमी, पण ऐकू नीट येतं. आडावर पोहरा वाजला की मी आतूनच हाक मारतो, भावाच्या नावानं. पोहरा वाजायचा थांबतो.

"मी आहे हो," माझी सून म्हणते. "पाणी काढतेय."