लाभपाचमेची भवानी

लाभूबेनने आयुष्यात कधी कुठली वस्तू परत केली नाही. नारळ कुजका निघाला तर "देवाला तसाच हवा असेल" म्हणून मोकळी. काकडी कडू लागली तर गुपचूप स्वतःच्या ताटात वाढून घेणार. एकदा शिंप्याने पोलक्याची एक बाही आखूड शिवली, तर ही बाई दोन वर्षं त्या बाजूला पदर ओढून फिरली. मी म्हटलं, "अगं, नेऊन मार की त्याच्या तोंडावर!" तर म्हणे, "जाऊ दे रमीला, त्याच्या घरी तेव्हा आजारपण होतं." आजारपण! कापताना होतं की शिवताना, ते विचारायला हवं होतं मी.

गोंडलला आमच्या शेरीत, म्हणजे गल्लीत, तिचं आणि माझं घर भिंतीला भिंत लावून. पस्तीस वर्षं झाली. ती कमी बोलते आणि मी तिच्या वाटचंही बोलते. आणि तिचा नवरा वशरामभाई आमच्या दोघींपेक्षा जास्त बोलायचा. एसटीत कंडक्टर होता तो. "जेतपूर, जूनागढ, वेरावळ!" अशी हाळी दिली की डेपोबाहेर चहा पिणारी माणसं बशी टाकून धावत यायची. घरी आला तरी आवाज तोच. भाजीत मीठ कमी आहे हे अख्ख्या शेरीला कळायचं.

पण त्याचा खरा आवाज ऐकायचा तो नव्या वर्षाच्या पहाटे. दिवाळीची रात्र सरली, अजून उजाडायचंय, आणि हा डोक्यावर मिठाची पाटी घेऊन निघायचा. "सबरस! सबरस घ्या!" मीठ म्हणजे सगळ्या रसांचा राजा, वर्षातली पहिली वस्तू घरात यावी तर तीच. बाकीचे सबरसवाले दक्षिणा घेतात. वशरामभाई एक पैसा घ्यायचा नाही. प्रत्येक दारात मूठभर मीठ आणि एक खणखणीत "साल मुबारक!" त्याच्या बापाने हे केलं होतं, मग याने केलं. त्याची हाक कानावर पडली की आम्ही बायका वाटी घेऊन दाराशी उभ्या.

तंबाखूचा मावा खायचा मेला. दिवसाला दहा पुड्या. गेल्या माघात राजकोटला घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता नुसता श्वास उरलाय, ओठांशी कान नेला तर कळतं काय म्हणतोय ते. कंडक्टरला कान लावून कोण ऐकणार? हळूहळू त्याने बोलणंच टाकलं. पाटी-पेन्सिल घेऊन बसायचा. चहा हवा, तर "चहा" लिहायचा.

जागृती, त्यांची मुलगी, सुरतेला असते. तिने फोनवर सांगितलं की शिकवणीचे मास्तर गळ्यात एक छोटा भोंगा अडकवतात, तोंडाशी बारीकसा माइक असतो, कुजबुजलं तरी वर्गभर ऐकू जातं. झालं! लाभूबेनच्या डोक्यात एकच गोष्ट बसली, नव्या वर्षाच्या पहाटे सबरसची हाक पडली पाहिजे.

धनतेरसेला आम्ही दोघी बाजारात गेलो, जयसुखभाईच्या विजेच्या वस्तूंच्या दुकानात. गर्दी ही! त्याने खोक्यावर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढला, वर तांदळाचे दाणे टाकले आणि म्हणाला, "चार्ज करूनच ठेवलेला आहे मासी. सात दिवसांत काही झालं तर डोळे मिटून बदलून देईन. आठव्या दिवशी मात्र कंपनी माझं ऐकत नाही." मी म्हटलं, "लावून तर दाखवा." तो म्हणाला, "बेन, मागे रांग बघा." आणि लाभूबेनही माझा हात ओढून म्हणाली, "धनतेरसेची वस्तू अशी बाजारात उघडायची नसते गं."

आमच्याकडची हीच खोड. धनतेरसेची खरेदी देवघरात जाते, दिवाळीला लक्ष्मीपुढे बसते आणि नव्या वर्षी बाहेर येते. खोकं तीन दिवस देवापुढे होतं, हळदीकुंकू घेत. आत काय आहे ते ना आम्ही पाहिलं, ना देवाने.

नव्या वर्षाच्या पहाटे वशरामभाई पांढरा झब्बा घालून, गळ्यात भोंगा अडकवून निघाला. पाटी डोक्यावर. मी वाटी घेऊन दारातच होते. त्याने तोंड उघडलं, "सब..." आणि भोंगा असा काही किंचाळला की गल्लीतली कुत्री उठली. मग घर्र घर्र, मग काहीच नाही. त्याने बटण दाबलं, पुन्हा दाबलं, ओठ हलवत राहिला. समोरच्या घरातली पोरं हसली. त्यांना काय कळतंय! वशरामभाईने पाटी माझ्या ओट्यावर ठेवली आणि घरात निघून गेला.

त्या दिवशी माणसं साल मुबारक करायला आली तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. भाऊबीज गेली. फराळाचे घुघरे, मठिया डब्यात तसेच. लाभूबेन विचारायला गेली तर त्याने पाटीवर लिहिलं, "आता दुसरं काही आणू नकोस." आणि मग पाटी पण उशीखाली सरकवली. ते मात्र तिला सोसलं नाही. माझ्याकडे येऊन ओट्यावर बसली आणि म्हणाली, "रमीला, आवाज गेला तेव्हा मी रडले नाही. पण आता माणूसच चाललाय गं माझा."

मी म्हटलं, "ऊठ. परत करायचं हे डबडं."

पण जायचं कुठे? नव्या वर्षाला बाजार बंद होतो तो लाभपाचमेच्या, म्हणजे कार्तिकातल्या पंचमीच्या, मुहूर्तावर उघडतो. बोटांवर मोजलं, धनतेरसेचा दिवस सोडून सातवा दिवस लाभपाचमच. साल मुबारक म्हणायचाही तो शेवटचा दिवस, त्यानंतर कोणी म्हणालं तर लोक हसतात. म्हणजे जे काय व्हायचं ते त्या एका दिवसात.

पाचमेला सकाळी नऊ वाजता आम्ही हजर. दाराला झेंडूचं ताजं तोरण, उंबऱ्यावर कुंकू, जयसुखभाई नवी टोपी घालून गल्ल्यावर. लाभूबेनच्या हातातलं खोकं पाहिलं आणि तो उभाच राहिला.

"मासी, तिथंच थांबा! पाय आत टाकू नका!"

"का? आम्ही काय वाघ आहोत?" मी म्हटलं.

"बेन, अजून भवानी झालेली नाही. वर्षाचं पहिलं गिऱ्हाईक, आणि ते माल परत घेऊन येतंय? अख्खं वर्ष माझ्याकडे परतच येत राहील सगळं!"

"आणि विकताना बरी लक्ष्मी आठवली! लावून दाखवा म्हटलं तर रांग दाखवलीत. आता आम्हाला दारातून हाकलता? सात दिवस तुम्हीच म्हणालात ना? आज सातवा!"

"मी नाही कुठं म्हणतोय? फक्त भवानी होऊ द्या. एक गिऱ्हाईक. मग बसून बोलू."

मी अजून दोन शब्द सुनावणार होते, पण लाभूबेन कधीच वळली होती. "खरं आहे त्यांचं," म्हणाली, आणि समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. मांडीवर खोकं.

दहा वाजले. साडेदहा. बाजारात माणसं होती, पण नुसती फिरणारी. सगळ्यांनी दिवाळीआधीच खरेदी उरकलेली, आणि उरलेले फोनवरून मागवतात. जयसुखभाई गल्ल्यावरून उठायचा, दारात यायचा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघायचा, परत बसायचा. मला आतून गुदगुल्या होत होत्या. बस आता तूही वाट बघत!

अकराच्या सुमारास एक जोडपं आलं. बाहेरच्या टीव्हीपाशी थांबलं. नवऱ्याचं लक्ष आमच्याकडे गेलं, खोक्याकडे, कुंकवाकडे. त्याने हाक मारून विचारलं, "काय मासी, बिघडलं का? इथूनच घेतलेलं?"

मी तोंड उघडलं. आता सांगते चांगलं! पण लाभूबेनने पदर ओढून खोकं झाकलं आणि म्हणाली, "नाही रे भाऊ. उन्हाचं जरा बसलोय."

जोडपं तरीही न घेताच गेलं, किमती विचारून. पण मी तिच्यावर तुटून पडले. "खोटं बोललीस? त्याच्यासाठी? तो तुला उंबऱ्याबाहेर ठेवतो आणि तू त्याची अब्रू झाकतेस? अगं घरी तुझा माणूस भिंतीकडे तोंड करून पडलाय!"

"तेच डोळ्यापुढे आहे," ती म्हणाली. "माणूस तोंड उघडून बसतो आणि काहीच बाहेर येत नाही, ते कसं दिसतं ते मी रोज बघते. त्या बिचाऱ्याचंही तेच चाललंय सकाळपासून. त्यात मी आणखी भर कशाला घालू?"

 माझी जीभ गोंडलची मिरची आहे असं शेरी म्हणते, पण त्या वेळी मी नुसता खोक्यावरचा तिचा पदर नीट केला.

बारा वाजून गेले. जयसुखभाई तोरणाकडे बघत हात चोळत होता. साडेबाराला तो दुकान बंद करून जेवायला जाणार आणि आज संध्याकाळी उघडणार नाही, हे शेजारच्या पानवाल्याने सांगितलं. ते ऐकल्यावर लाभूबेन उठली. खोकं माझ्या मांडीवर ठेवलं. रिकाम्या हातांनी रस्ता ओलांडला, उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि आत गेली. मी मागोमाग दारापर्यंत.

"एक झिरोचा दिवा द्या," ती म्हणाली. "देवघराला."

जयसुखभाई तिच्याकडे बघतच राहिला. "मासी, तुम्ही?"

"गिऱ्हाईक नाही का मी?"

त्याने दिवा काढला, लावून दाखवला. या वेळी मात्र लावून दाखवला! तिने पदराच्या गाठीतून नोट काढून दिली. त्याने ती कपाळाला लावली, देवीच्या तसबिरीपुढे ठेवली, तिच्या हातावर खडीसाखर ठेवली. आणि मग मान खाली घालून म्हणाला, "मघाशी पायरीवर त्या माणसाला काय सांगितलंत ते ऐकलं मी. आणा ते खोकं."

भोंगा मेलेला होता. त्याने उलटापालटा केला, स्क्रू काढून बघितले, सुस्कारा टाकला. "बदलून द्यायलाच हवा. पण माल संपलाय. नवा यायला पंधरा दिवस लागतील."

"पंधरा दिवसांनी साल मुबारक कसं म्हणणार?" लाभूबेन म्हणाली.  आणि मग, बाई गं, पस्तीस वर्षांत मी तिला एका दमात एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. राजकोट, ऑपरेशन, पाटी-पेन्सिल, नव्या वर्षाची पहाट, सगळं.

जयसुखभाईचा हात थांबला. "वशरामभाई? सबरसवाले? कंडक्टर?"

"तेच."

"माझी म्हातारी बा तुमच्या मागच्या शेरीत राहते. नव्या वर्षाला वाटी घेऊन ओट्यावर बसली होती, उजाडेपर्यंत. मी म्हटलं, बा, दुसऱ्या कुणाकडून घे. तर म्हणाली, वशराम येईल. अजून ती वाटी पालथी घातली नाही तिने." त्याने काउंटरखालून एक खोकं काढलं. वर कोणाचं तरी नाव लिहिलेलं होतं. "हा एका मास्तरांसाठी ठेवला होता, उद्या सकाळी न्यायला येणार होते. मी त्यांच्या घरी जाऊन पाय धरीन. सुट्टी संपल्यावर पोरांना चार दिवस ओरडतील नुसत्या गळ्याने. तुम्ही घेऊन जा."

मी म्हटलं, "आधी लावून दाखवा!"

तो हसला. लावला. मी माइक ओढून घेतला आणि त्यात बोलले, "जयसुखभाईच्या दुकानात भवानी झाली हो!" रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली.

घरी वशरामभाई आधी हात लावेना. मान हलवत राहिला. लाभूबेनने काही समजावलं नाही, विनवलं नाही. भोंगा त्याच्या गळ्यात घातला, माइक तोंडाशी वाकवला, बटण दाबलं, हिरवा दिवा लागला. मग स्वतः समोर जमिनीवर बसून मिठाचे खडे फोडायला लागली. मी माझ्या दारात उभी होते, ऐकत.

 तो तिच्याकडे बघत होता म्हणे. नऊ महिन्यांची सवय त्याला, बोललेलं कोणाला ऐकू जातच नाही म्हणून. त्या सवयीने, फक्त तिच्यापुरतं, तो कुजबुजला. आणि भोंग्याने ते उचललं, खिडकीतून बाहेर काढलं, शेरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं.

"लाभू, साल मुबारक."

पस्तीस वर्षांत त्याने तिला नावाने हाक मारल्याचं आम्ही ऐकलं नव्हतं. 'जागृतीची आई' हेच तिचं नाव. सगळ्या खिडक्यांत डोकी आली. मी पदर तोंडाला लावला, हसू येत होतं का रडू, मलाच कळेना.

आतून लाभूबेनचा आवाज आला, घाबराघुबरा. नऊ महिने ज्या माणसाच्या आवाजासाठी तिने देव पाण्यात ठेवले होते, त्या माणसाला ती म्हणत होती, "अहो, हळू! हळू बोला ना, सगळ्यांना ऐकू जातंय!"

आणि तो हळू बोलेना. पुन्हा म्हणाला. मग मिठाची पाटी डोक्यावर घेऊन भर दुपारच्या उन्हात बाहेर आला. मी वाटी शोधायला आत पळाले, आणि आमच्या मागच्या शेरीत जयसुखभाईच्या बाला कोणी तरी ओरडून सांगत होतं की वाटी धरा, सबरस येतंय.