निंबानानांची भरती

जळगावच्या एमआयडीसीतल्या आमच्या टीव्हीच्या कारखान्यात भरतीचं टेबल निंबा सोनवणे यांच्याकडे होतं. सगळे त्यांना नाना म्हणत. वय जेमतेम पंचेचाळीस, पण चेहरा आधीच रिटायर झालेला. कुणाचाही अर्ज आला की ते तो प्रसादासारखा दोन्ही हातांनी घेत. मी शेजारच्या टेबलावर जावक बघत असे आणि त्यावरून त्यांना चिडवत असे.

एक्क्याण्णव साली सेट खपेनासे झाले. असेंब्लीतल्या बहुतेकांना घरी बसवलं आणि महिन्याभरात साहेबांनी भरतीची जाहिरात दिली. मंदी सरेल, तोवर चांगली माणसं हेरून ठेवू, असं त्यांनी नानांना सांगितलं. नानांनी विश्वास ठेवला. अशा भोळेपणाचं मला कौतुक नाही. मला रागच आला.

दर मंगळवारी आयटीआय झालेली वीसेक मुलंमुली परीक्षेला येत. दिवसभर बसून सर्किटच्या बोर्डांवर सुटे भाग सोल्डर करायचे. कुणाचं काम कुठलं ते कळावं म्हणून नाना प्रत्येक बोर्डावर उमेदवाराचा नंबर लिहीत. निकाल मात्र एकच, काम चांगलं आहे, पुन्हा बोलावू. धरणगावची पुष्पा महाजन चारदा आली. तिचा नंबर सतरा. पोरीचा हात इतका साफ की तिची जागा पक्की, असं नाना मला पुनःपुन्हा सांगत.

दिवाळीच्या सुमारास धुळ्याच्या दुकानदाराकडून एक सेट दुरुस्तीला आला. पाठ उघडली तर आत नानांच्या अक्षरात सतरा. मी आणि नानांनी गोदामात जाऊन विक्रीला निघालेले आणखी तीन सेट उघडले, तिन्हींत असेच नंबर. भरती वगैरे काही नव्हतीच. घरी बसवलेल्या कामगारांचं काम आम्ही उमेदवारांकडून फुकटात करून घेत होतो.

साहेबांपुढे बोलायची नानांची छाती झाली नाही. माझीही नाही, हे कबूल करतो. त्यांनी एवढंच केलं की पुढच्या यादीतून पुष्पाचं नाव गाळलं. एक पोर तरी सुटली, म्हणाले, आणि त्या दिवशी डबा पोटभर जेवले.

पंधरा दिवसांनी ती गेटवर हजर. बोलावणं आलं नाही, माझं काय चुकलं, हे तिला विचारायचं होतं. नानांनी तिला बाजूला घेऊन सगळं सांगून टाकलं. इथे जागा नाहीत, नव्हत्याच, तू जोडलेले बोर्ड बाजारात गेले. ती रडेल म्हणून मी पाण्याचा ग्लास घेऊन उभा होतो.

ती रडली नाही. "नाना, माले दुसरा टाइमलेच समजी गयथं," ती हळू म्हणाली. "पन घर बशीसन काय करू? आयटीआयमा जे शिकनू, ते फक्त आठेच, या कारखानामाच करता येस. यादीमाईन मन्हं नाव काढू नका."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते टेबलाशी गेले, पुढच्या मंगळवारचं बोलावणं टाइप केलं, आत जाऊन साहेबांची सही आणली आणि कागद तिच्या हातात दिला. तिने तो वाचून पिशवीत ठेवला आणि वाकून नानांच्या पाया पडली. नंतर माझ्याही.